नमुन्याबरहुकूम पानं

खंडव्याला मोठी गाडी सोडून छोट्या रुळांवरच्या गाडीत बसले, तेव्हा माझ्यासोबत एक वळकटी, आलेख-कागदांचा जाड गठ्ठा आणि सोनाराकडे असतो तसला नाजूक तराजू होता. तराजूची पेटी मी मांडीवरच घेतली होती. समोरच्या बाकावरच्या बाईंनी सनावद येईपर्यंत दम धरला, मग विचारलंच, "बेन, इसमें क्या है?" इंदूरजवळच्या जंगलातली पानं मोजायला आणि तोलायला निघाले आहे, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि आपल्या डब्यातली एक पुरी काढून माझ्या हातावर ठेवली. पुण्यात ज्यांना ज्यांना मी माझा विषय समजावला होता, त्यांच्यापेक्षा हे उत्तर कितीतरी समजूतदार होतं.

नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मोरटक्क्यानंतर गाडीने नर्मदा ओलांडली, तेव्हा डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले आणि त्यांच्याबरोबर मीही जोडले. पुढे शेतं संपली, चोरल नदी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे दिसू लागली आणि सागाचं जंगल खिडकीला घासत चाललं. कालाकुंडला गाडी बराच वेळ थांबली. पुढचा घाट इतका उभा आहे की मागून रेटायला आणखी एक इंजिन जोडावं लागतं. तोवर अख्खी गाडी फलाटावर उतरून कलाकंद खाते. खाखऱ्याच्या (पळसाच्या) पानांच्या द्रोणात तो देतात. मी चार द्रोण घेतले, कलाकंद खाल्ला आणि पानं उन्हाकडे धरून चिमटीत दाबून बघत बसले.

"बहनजी, पत्ता क्या देख रही हो, माल खाओ," विकणारे आजोबा म्हणाले.

"बाबा, ही चारही पानं एकाच झाडाची का?"

"नहीं तो. नाले वाला पत्ता नरम होता है, चौड़ा. टेकरी वाला कड़क, मोड़ो तो टूटे. दोने के लिए नाले वाला ही लाते हैं."

मी ज्या गोष्टीसाठी चार वर्षं खपत होते, ती या गृहस्थांनी कलाकंदासोबत फुकट देऊन टाकली. मला हसूही आलं आणि थोडा रागही आला.

माझा विषय खरंच एवढाच होता. पुस्तकांतल्या तक्त्यांमध्ये प्रत्येक प्रजातीच्या नावापुढे एकेक आकडा असतो. सागाचं पान इतकं मोठं, इतकं जाड, धावड्याचं इतकं लहान. पण टेकडीच्या माथ्यावरचा साग आणि नाल्यातला साग यांची पानं सारखी असतात का? एकाच झाडाच्या शेंड्याचं पान आणि खालच्या सावलीतलं पान? एका प्रजातीच्या पोटातला हा फरक दोन प्रजातींमधल्या फरकाइतकाच मोठा निघाला, तर तक्त्यातला तो एकुलता आकडा फारसा कामाचा नाही. आमच्या सरांचा यावर विश्वास नव्हता. "मोजून आण, मग बोलू," म्हणाले होते. कॉलेजातून दिवाळीची सुटी धरून मला जेमतेम तीन आठवडे मिळाले होते. प्रबंध द्यायची मुदत पुढच्या उन्हाळ्यात संपणार होती, तेव्हा पुन्हा येणं शक्य नव्हतं. जे काही होतं ते या तीन आठवड्यांत.

राजेंद्र नगरच्या छोट्याशा स्टेशनवर मावशी घ्यायला आली होती. ती तिथल्या शाळेत शिकवते आणि घरातही शिकवतच असते. दुसऱ्या दिवशी तिने मला पोहे-जिलेबी खायला घालून शहर दाखवलं. पोह्यांवर शेव इथे विचारून घालत नाहीत, न घालता कोणी देईल तर विचारावं लागतं. पलासिया भागात दर दोन दुकानांनंतर कॉम्प्युटर शिकवणाऱ्या क्लासची नवीकोरी पाटी होती आणि रंगीत टीव्हीच्या दुकानासमोर गर्दी. तिथून पुढे गेलो तर कापडगिरण्यांच्या चिमण्या दिसल्या. आकाश अगदी स्वच्छ होतं. मी ते बोलून दाखवलं, तर मावशी म्हणाली, "धूर निघायचा तेव्हा बरं होतं गं."

भालेराव काकांची ओळख तिनेच करून दिली. मागच्याच गल्लीत राहायचे. त्यांचे आजोबा नोकरीसाठी सोलापुराहून इंदूरला आले, वडील गिरणीत लागले, मग हे. तीस वर्षं काढली, त्यातली वीस 'घडी खात्यात' (तयार कापड तपासून त्याच्या घड्या घालतात त्या विभागात). गिरणी बंद होऊन वर्ष झालं होतं. उंच, सडपातळ, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. जंगलात सोबत येणारं आणि वाटा माहीत असणारं कोणीतरी मला हवंच होतं.

"पत्ते मोजायचे? करू ना ताई," ते म्हणाले. "आपण तर जिंदगीभर तेच केलं. नुसतं कपड्याच्या जागी पत्ता."

तीन दिवस आम्ही दोघं सकाळच्या गाडीने पाताळपाणी आणि कालाकुंडला जात होतो. साग, पळस, धावडा, टेंभुर्णी आणि सालई अशा पाच प्रजाती मी निवडल्या. प्रत्येकीची दहा झाडं, पाच माथ्यावरची आणि पाच नाल्यातली. आम्ही झाडांना नंबर घालून खुणेच्या चिंध्या बांधल्या. ओळखीत घोटाळा नको म्हणून मी काकांना एक पुठ्ठा करून दिला. त्यावर पाच प्रजातींचं एकेक वाळवलेलं पान चिकटवलं होतं आणि खाली नाव. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवला. मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी नाला उतरताना माझा पाय शेवाळावरून घसरला आणि घोट्यात मुरगळला. पाताळपाणीच्या धबधब्याचं फार कौतुक ऐकलं होतं. मी तो रेल्वेच्या हमालाच्या पाठीवर बसून पाहिला. डॉक्टरांनी दहा दिवस पाय टेकू नका म्हणून सांगितलं आणि मी सरळ रडायला लागले.

"ताई, तुम्ही बिलकुल फिकर नका करू," काका म्हणाले. "तुम्ही घरी बसून मोजा. पत्ते मी आणतो."

"प्रत्येक झाडाची वीस पानं, काका. जशी हाताला येतील तशी आणा."

"हाव, समजलं."

मग तसा क्रमच लागला. काका सकाळी डबा घेऊन जात आणि दुपारच्या गाडीने ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं आणत. मी पान आलेख-कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची, आतले चौकोन मोजायचे, पान ओलं असताना तोलायचं. मग बल्बच्या पेटीत सुकवून पुन्हा तोलायचं. क्षेत्रफळ भागिले सुकं वजन. पान पातळ-पसरट की लहान-जाड, ते या एका भागाकारात कळतं. शाळा सुटल्यावर मावशीही चौकोन मोजायला बसायची आणि मोजता मोजता तिच्या मुख्याध्यापिका बाईंच्या बदलीची गोष्ट सांगायची, त्यामुळे तिचे चौकोन मला परत मोजावे लागत. पलंगाखाली पानं, देवघरासमोर पानं. काका आले की पुडी सोडून एकेक पान समोर मांडायचे आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. मी म्हणायची, "वा, छान." ते खरंच छान होते ते ढीग, डाग नाही की भोक नाही.

दहाव्या दिवशी मी सगळे ठिपके एका कागदावर मांडले आणि बघतच राहिले. पाच प्रजातींचे पाच घट्ट पुंजके, मधे स्वच्छ रिकामी जागा. कोणाचाही ठिपका दुसऱ्याच्या अंगणात नाही. माथ्यावरचा साग आणि नाल्यातला साग जणू एकाच झाडाचे. म्हणजे सरांचंच खरं होतं. मी चुकले होते, पण निकाल इतका सुबक होता की चुकल्याचंही काही वाटेना. मी सरांना त्याच दिवशी पत्र टाकलं. मावशीने गराडू (तळून मसाला भुरभुरलेला कंद) केले. काका आले तर त्यांना मी हाताला धरूनच टेबलाशी नेलं.

"बघा काका. सागाच्या दहाही झाडांची पानं एका मापाची."

त्यांनी चष्मा कपाळावर सारून कागद जवळून पाहिला. चेहरा खुलला. गिरणी बंद झाल्यानंतरचं त्यांचं हसू मावशीनेही तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं असेल.

"होणारच ना ताई. एक भी सेकंड आत नाही जाऊ दिला मी."

"सेकंड म्हणजे?"

"खराब माल हो. पतला, फैललेला, किडका, छोटा. तुम्ही नमुना दिला होता ना पुठ्ठ्यावर? कालाकुंडच्या बेंचवर बसून एक-एक पत्ता त्यावर ठेवून बघायचो. मेळ खाल्ला तरच पिशवीत. वीससाठी कधी कधी ऐंशी तोडावे लागायचे."

"आणि बाकीचे?"

"फेकले. सेकंड माल घरी कोण आणतं?"

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. मी दिलेला पुठ्ठा त्यांनी कापडाच्या मंजूर नमुन्यासारखा वापरला होता. जे शोधायला मी इतक्या लांब आले होते, तेच वेचून वेचून कालाकुंडच्या फलाटावर टाकलेलं होतं.

"मी जशी हाताला येतील तशी आणा म्हटलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "दहा दिवस काका. माझं सगळं काम तुम्ही मातीत घातलंत."

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "मला वाटलं, ते तुम्ही संकोचाने बोलला," ते हळूच म्हणाले. "म्हणजे, माझ्यासाठी त्रास नका घेऊ, असं." मग त्यांनी रिकामा डबा उचलला आणि चपला घालून गेले. त्यांच्यासाठी ओतलेला चहा तसाच राहिला.

मावशी मला रागावली नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला. तिने गराडूंवर झाकण ठेवलं आणि इतकंच म्हणाली, "पुठ्ठा कशासाठी आहे, ते सांगितलं होतंस का त्यांना?" मी आठवून पाहिलं. सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले नाहीत. घरीही नव्हते. "गेटवर असतील," मावशी म्हणाली. सकाळपाळीच्या वेळेला जुने कामगार अजूनही गिरणीच्या दाराशी जमतात, तासभर बसतात आणि घरी जातात. मी काठी घेतली आणि टेम्पोत बसले. गिरणीच्या बंद दारासमोर वीस-पंचवीस माणसं होती. सगळे अंघोळ करून, भांग पाडून आलेले, काहींच्या हातात डबेसुद्धा. एकाने मला पाहून हाक मारली, "भालेराव भिया, देखो, आपके घर से कोई आया है."

आम्ही रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसलो. माफी मागायची मला फारशी सवय नाही, त्यामुळे मी ती घाईघाईत मागितली. पुठ्ठा फक्त ओळखीसाठी होता, ते सांगायचं माझं काम होतं, मी ते केलं नाही. काकांनी मान हलवली.

"ते सोडा ताई. मला एक बात समजावा. नाल्यातला तो पतला पत्ता खराब नाही, तर काय आहे?"

"नाल्यात ऊन कमी पोचतं. मिळेल तेवढं धरायला पानाला पसरावं लागतं, आणि पसरायचं तर पातळ व्हावं लागतं. माथ्यावर ऊन भरपूर आणि वारा कोरडा, तिथे तोच साग लहान आणि जाड पान काढतो. माथ्यावरचं पान नाल्यात उपाशी राहील. नाल्यातलं पान माथ्यावर करपेल."

"मग नमुना कोणता धरायचा?"

"नमुनाच नाही काका. म्हणून तर वीस-वीस मोजायची."

त्यांनी गिरणीच्या दाराकडे पाहिलं. "कमाल आहे," ते म्हणाले. "तीस साल आम्ही हेच मिटवत बसलो."

"कापडाला ते बरोबरच होतं."

"हाव. कापडाला बरोबर होतं." मग सावकाश म्हणाले, "किती दिवस उरले तुमचे?"

पाच उरले होते. पाचही प्रजाती पुन्हा होणं शक्य नव्हतं. साग आणि पळस जमले असते.

"येतो मी," काका म्हणाले, "पण माझा हात मानणार नाही. तो आपोआप चांगल्या पत्त्यावर जाईल. घडी खात्याच्या आधी मी सूत खात्यात होतो. तिथे सूत तपासताना आम्ही बॉबिन पसंत नव्हतो करत. पसंत केलं की माणूस चांगलंच उचलतो. मोजायचं आणि दर दहावी बॉबिन काढायची, कशीही असो. पत्ते पण तसेच घेऊ. फांदीच्या बुडापासून मोजायचे, दर सातवा."

मी चार वर्षांत सातशे पानं वाचली होती, आणि माझ्या पद्धतीत इतकी साधी गोष्ट नव्हती. मी फक्त 'जशी हाताला येतील तशी' लिहिलं होतं. हात कोणाचा, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

त्या पाच दिवसांत मीही लंगडत सोबत गेले. नाल्याच्या काठाशी बसायचे, वही घेऊन. पाताळपाणीच्या माकडांनी आमचा पोह्यांचा पुडा नेला आणि शेव तेवढी खाऊन पोहे टाकून दिले. काका आकडीने फांदी वाकवून मोजायचे, मोजणं मात्र हिंदीत, "चार, पाँच, छह, सात." सातवं पान कधी अळीने चाळण केलेलं निघायचं, कधी पिवळं, कधी तळव्याएवढंच. शेजारी सहावं असायचं, हिरवंगार, अखंड. काकांचा अंगठा सातव्यावर जाऊन क्षणभर थबकायचा. मग ते दुसरीकडे बघत पान तोडायचे आणि पिशवीत टाकायचे. दर वेळी थबकायचे आणि दर वेळी टाकायचे. तो अंगठा बघताना मला माझंच त्या दिवशीचं चढ्या आवाजातलं बोलणं आठवून लाज वाटत होती.

निघायच्या आदल्या दुपारी मी नवा आलेख मांडला. पुंजके नव्हतेच. ठिपके कागदभर सांडले होते. सागाचे काही खालच्या कडेला, काही पार वर, आणि माथ्यावरच्या सागाचे दोन-तीन थेट पळसाच्या घोळक्यात जाऊन बसलेले. काकांनी चष्मा कपाळावर सारला.

"हे तर एकदम खराब आलं."

"मला हेच पाहिजे होतं."

"पण दोनच झाडांचं. पाच पाहिजे होती ना?"

"पाच पाहिजे होती."

"ते माझ्यामुळे झालं."

मी नाही म्हटलं नाही. अर्धं तरी ते खरं होतं, आणि खोटं बोललेलं त्यांना कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी मावशीने शेवेची पिशवी माझ्या हातात दिली आणि काकांनी तराजूची पेटी स्टेशनपर्यंत आणली. गाडीला वेळ होता. मी त्यांना सांगितलं की पहिली पानं मी फेकणार नाही. तीच झाडं, तोच महिना. एकदा नजरेने निवडलेली पानं आणि एकदा मोजून घेतलेली. शेजारी शेजारी ठेवली की निवडणारी नजर किती फरक झाकून टाकते, ते दिसेल. सरांनाही हे नाकारता येणार नाही.

"आणि काळजी करू नका," मी म्हणाले, "पहिली कोणी निवडली, ते मी लिहिणार नाही. 'एका सहायकाने' एवढंच."

काकांचा चेहरा उतरला. "का? नाव का नाही?"

"चूक म्हणून छापलं जाईल ना ते."

त्यांनी पेटी बाकावर ठेवली. "ताई, आमच्याकडून कापडाचं थान बाहेर जायचं, तर त्यावर तपासणाऱ्याचा छाप असायचा. पास मालावर पण, रिजेक्ट मालावर पण. तक्रार आली तर मालूम पडायला पाहिजे, डोळे कोणाचे होते. बिना छापाचं थान म्हणजे कोणी बघितलंच नाही, असं. मिल बंद झाली, तेव्हापासून माझा छाप कशावरच नाही. ते हजार पत्ते मी बघितले, एक-एक. चुकीचे तर चुकीचे. माझं नाव घाला त्याच्याखाली."

गाडी आली. घाट उतरताना मी खिडकीशी बसले होते, पण मला पानं दिसत नव्हती. एका प्रजातीला एक आकडा पुरत नाही, हे सिद्ध करायला मी आले होते आणि आल्या आल्या समोरच्या माणसाला 'सहायक' हा एक शब्द पुरेसा धरला होता. त्याची पद्धत काय, त्याची नजर कशावर तयार झाली, मी विचारलंच नव्हतं. याचा मला अजूनही राग येतो, आणि तो दुसऱ्या कोणावर काढता येत नाही.

प्रबंध दोनच प्रजातींचा झाला. सरांनी तो वाचला, आलेखांच्या पानाशी थांबले आणि म्हणाले, "फसलेल्या कामाखाली कोणी माणसाचं नाव घालतं का?" मी म्हटलं, "घालतात." त्या पानावर दोन आलेख आहेत. विस्कटलेल्या आलेखाखाली माझं नाव आहे. सुबक आलेखाखाली लिहिलं आहे, पानांची निवड : सदाशिव भालेराव, घडी खातं, इंदूर.